टाकीमागचा कप्पा

तबूक, १ नोव्हेंबर

दूधवाला उद्या येणार नाही हे सांगावं, तशा सुरात वेदांतनं आज जेवताना सांगितलं, "आई, सोळा तारखेच्या आत तुला आणि बाबांना देशाबाहेर जाऊन यावं लागेल."

आईबापांना घराबाहेर काढायचं तर निदान त्यांचा भात संपेपर्यंत थांबावं, असं मी म्हटलं. मग त्यानं समजावून सांगितलं. आमचा व्हिसा वर्षाचा आहे, पण एका वेळी नव्वद दिवसच राहता येतं. ते भरायच्या आत सीमेपलीकडं जायचं, पासपोर्टवर शिक्के घ्यायचे आणि परत यायचं, की पुढचे नव्वद सुरू. इथं मुलांकडं आलेले सगळे आईबाप असंच करतात म्हणे. रियाधवाले बहरीनचा पूल ओलांडतात, तबूकवाले जॉर्डनला जातात.

मी सगळी नोकरी आमच्या महापालिकेच्या जकात नाक्यावर केली. अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत जकात बंद झाली. माझ्यामागं ती कोणाला जमेना, असं माझं मत आहे. माल शहरात आला की कर घ्यायचा, इतकं सरळ काम होतं ते. पण माणसं नुसत्या शिक्क्यासाठी बाहेर काढायची आणि तीच्या तीच परत आत घ्यायची, हा उद्योग कोणाला सुचला असेल?

"आणि परत येताना आत घेतलं नाही तर?" मी विचारलं.

"घेतात गं. फक्त तिथं काही गडबड करू नकोस."

गडबड म्हणे. मी.

सुनेला, स्मृतीला, आठवा महिना आहे. रक्तदाब वरखाली होतो म्हणून ऑगस्टपासून तिला झोपूनच राहायला सांगितलंय. तिला आई नाही, म्हणून तर मी आले. जेवताना ती भात चिवडत बसली. मग विचारलं, "आई, परत कधी याल?" थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. माझ्यापासून किती दिवस सुटका, याचा अंदाज घेत असावी.

४ नोव्हेंबर

दीनानाथांची साखर आज पुन्हा वर. (लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. तोंडानं मी ते आजतागायत पाळलंय. डायरी हे तोंड नव्हे.)

मला हे गणित सुटत नाही. घरातली साखर मी कुलपात ठेवते. या देशात खजूर पाण्यासारखा पुढं करतात, दुकानात, दवाखान्यात, न्हाव्याकडंसुद्धा. म्हणून दीनानाथ फिरून आले की मी त्यांचे खिसे तपासते आणि मिशीचा वास घेते. नाक्यावर माझ्या वास घेण्याची ख्याती होती. ताडपत्री न उचलता मी सांगत असे, तुरीच्या पोत्यांखाली सुपारी आहे, अमुक इतकी. ट्रकवाले पाया पडायचे. अशा बाईच्या घरात साखर वाढते, याचा अर्थ एकच. मशीन सदोष आहे. वेदांतला दुसरं आणायला सांगितलं. तो आणि स्मृती एकमेकांकडं बघून हसले. या पिढीला आजारपणाचं गांभीर्य नाही.

७ नोव्हेंबर

वेदांत ज्या बांधकाम कंपनीत हिशेब बघतो, तिथं त्याला रजा नाही. तेव्हा आम्हाला वरच्या मजल्यावरचा रफीक नेणार. हा दापोलीकडचा. इथं कफीलच्या, म्हणजे ज्याच्या भरवशावर त्याचा इथं राहायचा परवाना चालतो त्या सौदी मालकाच्या, टायरच्या दुकानात आहे. या कफीलनं थंडीत वाळवंटात तळ ठोकायला जाण्यासाठी एक जुनी छोटी बस घेऊन तिचं चालतं घर करून घेतलंय. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास. मोसमाच्या आधी ती एकदा लांब पळवून बघायची होती. वेदांतनं लगेच आम्हाला त्यात बांधून टाकलं. कारण नाजूक आहे. दीनानाथांना जरा जरा वेळानं जाऊन यावं लागतं, आणि सीमेच्या रस्त्याला आडोसा म्हणून एक झुडूपही नाही.

संध्याकाळी गाडी खाली आणून लावली. मी आतून पाहिली. पडद्यांना सोनेरी झालर आहे, छताला लहानसं झुंबर आहे, आणि संडास पलंगाच्या उशाशी आहे. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या मदर सुपीरियर सांगायच्या, चांगल्या घराची ओळख न्हाणीघरावरून होते. त्यांनी हे घर पाहिलं नाही ते बरं.

दीनानाथ पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "यल्ला." चला, असा अर्थ. तीन महिन्यांत दोन अरबी शब्द शिकलेत. दुसरा 'खलास'. तो ते माझ्या हातचं ताट बघून म्हणतात.

१२ नोव्हेंबर

उद्या निघायचं. आम्ही येईपर्यंत रफीकची बायको नूरुन्निसा स्मृतीजवळ राहणार आहे. ती आज आली आणि माझ्या डब्यांची झडती घेतली. माझ्या डब्यांची. भाजणी, मेतकूट, सुंठपूड, दीनानाथांचं मेथ्यांचं चूर्ण, रांगोळीची पुडी (कुठंही असले तरी सकाळी दाराशी दोन रेषा काढल्याशिवाय मला चहा जात नाही), हिंगाची नवी डबी, सगळं उघडून बघितलं. आणि खसखस काढून घेतली.

"अफूची बी ही, हितं चालत नाय काकी. हिच्यापायी मानसं तुरुंगात जातात."

मी सांगितलं की मी ती विमानानं उघडपणे आणली आहे आणि मला कोणी हटकलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि खसखस मोरीत ओतली. असा आगाऊपणा नाक्यावर माझ्या हाताखालच्या एकाही शिपायानं केला नसता.

जाताना म्हणाली, "आन् काकांना परवासात जरा सैल सोडा. मानूस हाय."

दीनानाथ गोडाला शिवत नाहीत, त्यांना आता त्याची आठवणही येत नाही, असं मी तिला सांगितलं. बाईनं ओढणीत तोंड लपवलं. खोकला आला म्हणाली.

स्मृतीनं आज पुन्हा विचारलं, शनिवारी नक्की ना.

अकाबा, जॉर्डन, १३ नोव्हेंबर

चालतं घर ही कल्पना ज्यानं काढली, त्यानं कधी घर चालवलेलं नाही. घरात वस्तू जागेवर राहतात. इथं पहिल्या वळणाला ताटं बाहेर आली, दुसऱ्याला कुकर आला, तिसऱ्याला संडासातून दीनानाथ आले. रफीक पुढून ओरडून सांगायचा, "वळान हाय काका, धरून बसा." पण प्रत्येक वेळी वळण संपल्यावर.

बाहेर मात्र बघण्यासारखं होतं, हे कबूल करते. तांबडे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी वाळू, आणि हक्ल गाव आलं तसा एकदम निळा समुद्र. दीनानाथ काचेला नाक लावून बसले होते. मी त्यांना दोनदा मेथ्यांचं चूर्ण दिलं.

सीमेवर माझी निराशा झाली. मी पहाटेच सगळे डबे झाकणं पुसून ओळीनं लावून ठेवले होते. कोणी ढुंकून पाहिलं नाही. रफीकनं मोबाइलवर कफीलची परवानगी दाखवली, की ही गाडी मी याला देशाबाहेर न्यायला दिली आहे. आम्ही खिडकीपाशी अंगठे दिले, त्यांनी शिक्के मारले, झालं. पलीकडच्यांनीही दारातून डोकावून हात हलवला. याला मी नाका म्हणत नाही.

"जानाऱ्याला कोन इचारतो काकी," रफीक म्हणाला. "येताना बघा. तिकडनं नशेच्या गोळ्या आनतात लोक. म्हनून आपल्या बाजूला चमच्यासकट खाली काढतात."

ऐकून बरं वाटलं.

अकाबा, १४ नोव्हेंबर

समुद्राकाठी गाडी लावलीय. दाराशी रांगोळी काढली, ती बघायला चार बायका जमल्या.

दीनानाथांना आज काय झालंय कळत नाही. सकाळी म्हणाले, मी जरा हवा खाऊन येतो, रफीकला बरोबर नेतो, तू दमली असशील. मी दमलेली नव्हते. दोघं बऱ्याच वेळानं आले. दीनानाथांनी माझ्यासाठी लोकरीची शाल आणली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, स्वतःच्या मनानं त्यांनी मला काही आणल्याचं आठवत नाही. शिवाय रंगही बरा. मी नियमाप्रमाणं खिसे पाहिले. एक रुमाल आणि पेचकस. पेचकस कशाला, तर म्हणे पाण्याच्या टाकीमागची फळी वाजते, रात्रभर झोप नाही, तेवढी घट्ट करतो. मी आनंदानं परवानगी दिली. घरी एक खिळा ठोकायचा तर महिनाभर सांगावं लागतं. फळी घट्ट करायला मात्र फार वेळ लागला.

रफीक बाहेर बसून उगाच हसत होता.

दुपारी आमटीला फोडणी द्यायला गेले तर हिंगाची डबी गायब. नवी कोरी, घट्ट झाकणाची. दीनानाथ म्हणाले, वळणावर पडली असेल. मी सगळी गाडी शोधली. कोकणातल्या माणसाला इथं चांगला हिंग मिळत नसणार, हे मी समजू शकते, पण मागून घ्यावा. रफीकवर लक्ष ठेवायचं ठरवलं.

तबूक, १६ नोव्हेंबर

काल लिहायला सवड मिळाली नाही. आज शांतपणे, जसं घडलं तसं लिहिते.

परतीच्या नाक्यावर पासपोर्टची खिडकी लवकर आटपली. नवे नव्वद दिवस मिळाले. मग गाडी तपासणीच्या शेडमध्ये घ्यायला सांगितलं. तिथं सहर नावाची तरुण अधिकारी होती. काळ्या पायघोळ अबायावर ओळखपत्र, इंग्रजी स्वच्छ, नखं कापलेली. मला ती बघताक्षणी आवडली.

रफीक म्हणाला होता त्यात खोट नव्हती. लांबलचक टेबलावर आमचा संसार मांडला गेला. साड्या, परकर, कुकर, दीनानाथांचे लेंगे, सगळं. मागच्या गाड्यांतली माणसं उतरून बघत उभी. सहरनं मेतकुटाचा डबा उचलला आणि हे काय म्हणून विचारलं. भातावर घालून खातात, मी म्हटलं. तिनं मला एक चमचा कोरडंच खायला लावलं. घशाशी आलं, पण डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. मग रांगोळी. ही कशावर खातात? ही खात नाहीत, दाराशी काढतात. कशासाठी? मी त्या पत्र्याच्या टेबलावर ठिपके देऊन काढून दाखवली. तिच्या बरोबरच्या माणसानं फोटो घेतला. भाजणी, सुंठ, चूर्ण, प्रत्येकाचा थोडा थोडा नमुना घेऊन कागदाची पट्टी बुडवून बघितली. पद्धतशीर काम. मी मनातल्या मनात गुण देत होते.

मग कुत्रा आत सोडला. तो मागच्या बाजूला गेला, दोनदा शिंकला आणि शेपूट घालून बाहेर आला. त्याच्या माणसानं त्याला पुन्हा आत पाठवायला पाहिजे होतं. पाठवलं नाही. सहरनं हातातल्या यंत्रावर काहीतरी टिपलं आणि म्हणाली, तुम्ही जाऊ शकता.

इथं माझ्यानं राहवलं नाही. अर्धवट काम मला बघवत नाही. तेही इतकं चांगलं चाललेलं. मी तिला अगदी आईच्या मायेनं सांगितलं, "बाळ, तुम्ही पाण्याच्या टाकीमागं बघितलंच नाही. फळीचे स्क्रू नव्यानं फिरवलेले आहेत. मी तुमच्या जागी असते तर आधी तिथं गेले असते."

दीनानाथ एकदम म्हणाले, "शालिनी, चल." चारचौघांत त्यांनी माझं नाव कधी घेतलेलं नाही. उन्हानं झालं असावं. रफीकनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

फळी काढली. मागून काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे दिलेलं गाठोडं निघालं. बाहेर काढताच शेडभर वास सुटला. माझा हिंग. सगळी डबी प्लॅस्टिकच्या घड्यांमध्ये भुरभुरवलेली.

सहरचा चेहरा पार बदलला. ती म्हणाली, कुत्र्याला वास लागू नये म्हणून सराईत लोक असे उग्र मसाले लावतात. गाडीची किल्ली घेतली, रफीकचा इकामा घेतला, म्हणजे त्याचं इथलं ओळखपत्र. ते गेलं की माणसाची नोकरी, घर, सगळं गेलं. आम्हाला भिंतीशी बाकावर बसवलं. गाठोडं तज्ज्ञ माणूस येईपर्यंत उघडायचं नव्हतं.

मी सहरला माझं मत दिलं. गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात होती. हिंग कालपासून गायब आहे. माझा त्याच्यावर आधीच संशय होता. तिनं ते लिहून घेतलं.

रफीकनं दीनानाथांकडं बघितलं, मग जमिनीकडं. एक अक्षर बोलला नाही. गप्प बसणं म्हणजे कबुली, असा माझा नाक्यावरचा अनुभव.

तेवढ्यात नूरुन्निसाचा फोन आला. स्मृतीचा रक्तदाब वाढला, तिला दवाखान्यात आणलंय, वेदांत डॉक्टरांशी बोलतोय. "काकी, तुमी कुठवर आलात? पोरगी येकच बोलतेय, आईंना इचारा कवा येनार. दुसरं काय बोलत नाय."

मी तिला सांगितलं की येणं आमच्या हातात नाही, तुझ्या नवऱ्याच्या गाडीत माल सापडलाय.

मग ती म्हणाली, "रफीकच्या? काकी, त्येनं आजवर लाल सिग्नल मोडला नाय."

मी फोन ठेवला, आणि बघते तर दीनानाथ उभे. ते बाकावरून उठताना नेहमी माझ्या खांद्याला धरतात. काल धरलं नाही. सरळ सहरच्या टेबलापाशी गेले.

"ते गाठोडं माझं आहे. त्याचा काही संबंध नाही. त्याचं कार्ड परत द्या."

आत काय आहे, तिनं विचारलं.

"मिठाई."

मला हसूच आलं. मी उठून सहरला स्पष्ट सांगितलं की हे गृहस्थ भिडस्त आहेत, ड्रायव्हरला वाचवायला बघतायत. हे मिठाईला शिवत नाहीत, याची मी लेखी हमी देते. मी स्वतः रोज यांची झडती घेते. माझ्या या साक्षीचा परिणाम असा झाला, की आत मिठाई नाही याची त्या सगळ्यांची खात्री पटली. आणखी दोन माणसं आली. दीनानाथांना माझ्यापासून दूर, वेगळ्या खुर्चीवर बसवलं. ते तिथं हात मांडीवर ठेवून बसले होते. इतके म्हातारे मला ते कधी दिसले नव्हते. आतलं निघालं आणि ते भलतंच काही असलं, तर यांना नेतील. स्मृतीपाशी मी नाही. आणि फळी मी दाखवली. हे तीनही विचार मी काल ओळीनं केले. पुन्हा करायचे नाहीत.

तज्ज्ञ आला. हातमोजे घातले, सुरीनं चिकटपट्टी कापली. पहिला डबा उघडताच पांढऱ्या पुडीचा ढग उडाला. सगळे दोन पावलं मागं सरले. त्यानं पट्टी बुडवली, थांबला, पुन्हा बुडवली. मग मोजा काढला, बोटाला लावून चाखलं आणि अरबीत एक शब्द बोलला.

पिठीसाखर. खाली गुलाबपाण्याच्या मऊ वड्या. बाकीच्या डब्यांत तुपात निथळणारे पिस्त्यांचे पदर. गाठोडंभर.

सहर दीनानाथांकडं बघत राहिली. मग तिनं त्यांना विचारलं, "मिठाई आणायला बंदी नाही. उघड्या टेबलावर ठेवून आणली असती तरी चाललं असतं. कस्टम्सपासून मिठाई कोण लपवतं?"

"मी कस्टम्सपासूनच लपवली," दीनानाथ म्हणाले, आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

तिनं ते इतरांना अरबीत सांगितलं. शेड हसली. कुत्र्याचा माणूस हसला. मागच्या रांगेतली, ज्यांना आमच्यामुळं खोळंबा झाला होता, ती माणसंसुद्धा हसली. रफीक हसला नाही.

मी काय नोकरी करत होते ते दीनानाथांनीच तिला सांगितलं. त्यावर सहर सरळ उभी राहिली आणि ते फाटलेलं गाठोडं तिनं दोन्ही हातांनी माझ्या हवाली केलं.

"मॅडम, हा माल तुमच्या हद्दीतला आहे. निर्णय तुमचा."

मी माल जप्त केला.

परतताना दीनानाथ पुढं रफीकशेजारी बसले. मागं मी, झुंबर आणि हिंगाचा वास. रफीकला मी लागेल असं काही म्हटलं नव्हतं. चौकशीत तसं बोलावंच लागतं. तरी मी त्याला हे समजावून सांगितलं.

त्यानं आरशातून बघितलं. "काकी, तुमी नोकरी सोडलीत. पन नाका काय तुमाला सोडत नाय."

यावर दीनानाथ हसले. वळण आलं तेव्हा त्यानं या वेळी आधी सांगितलं.

थेट दवाखान्यात गेलो. स्मृतीनं माझा हात धरला तो सोडेचना. बोलायचं काही नाही, नुसता धरून ठेवायचा. रक्तदाबाचं हे एक लक्षण असावं. डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

२० नोव्हेंबर

मुलगी झाली. शस्त्रक्रिया करावी लागली, पण दोघी बऱ्या आहेत. मुलीच्या कपाळावर आत्ताच एक आठी आहे. वेदांत म्हणाला, ही आजीवर गेलीय. त्यानं ते चांगल्या अर्थानं म्हटलं असं मी धरून चालते.

मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हा आपल्याकडचा भेद मला पहिल्यापासून मान्य नाही. इथं दोन्हीचा प्रश्न नव्हता. गोड म्हणून जवळ होता तो जप्त माल. नर्सबाई, डॉक्टर, झाडणारे, शेजारच्या खोलीतलं सौदी कुटुंब, सगळ्यांना वाटला. हिंगाचा वास आतपर्यंत पोचला नव्हता. बांधणी पक्की होती. इतकी पक्की बांधणी करणारा माणूस नाक्यावर मला एकदाही भेटला नाही, हे लिहून ठेवते.

नूरुन्निसा आली. माझ्याशी बोलेल की नाही असं वाटलं होतं. तिनं बाळाला मांडीवर घेतलं, एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाली, "काकांचा माल चांगला हाय."

मी तिच्याकडं भाजणीची थालीपिठं पाठवली, रफीकला आवडतात म्हणून. उघडलेली भाजणी टिकत नाही.

२५ नोव्हेंबर

वेदांतनं नवीन ग्लुकोमीटर आणला. जुन्याचा आणि नव्याचा आकडा एकच आला. मी दोन्ही मशीनं पुसून कपाटात ठेवली. डॉक्टरांकडं दीनानाथांना घेऊन गेले. त्यांनी गोळी बदलली आणि दीनानाथांना विचारलं, तुम्ही नेमकं काय काय खाता. दीनानाथांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मी बाहेर थांबते. आत पुष्कळ वेळ लागला. तीन महिन्यांचं सांगायचं असेल.

ठरलं ते असं. साखरेच्या कपाटाचं कुलूप काढायचं. जेवणानंतर, आठवड्यातून दोनदा, एक वडी. मी मोजून देणार.

आज दुपारी बाळ आणि स्मृती झोपल्यावर मी खाली गाडी झाडायला गेले. कफीलच्या सहलीला अजून अवकाश आहे, म्हणून ती इमारतीखालीच उभी असते, आणि दीनानाथ रोज संध्याकाळी बॅटरी बघायला उतरतात. वाटून झाल्यावर माझ्याजवळ दोन डबे उरायला हवे होते. एकच आहे. पलंगाखालून केर काढताना समोर टाकीमागची फळी होती. खालचा एक स्क्रू अर्धा बाहेर.

दारात सावली पडली. दीनानाथ उभे होते. हातात पेचकस.

"काय बघतेस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. गुडघे धरलेत. वाकवत नाही."

केर भरून मी वर आले. आत एकच डबा आहे, आणि तोही निम्मा. ताडपत्री न उचलता सांगते.